पैनगंगेनं जुळवलेली सोयरीक

जगातली एकही वस्तू जागेवर राहत नाही असं ठामपणे मानणारा, आणि ते लोकांना पटवून देण्यासाठी स्वतः मात्र सत्तर वर्षं एकाच जागी ठाण मांडून बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दुर्दैवानं तो माझा सासरा आहे. हे लिखाण माझ्या बायकोच्या हाती पडण्याची दाट शक्यता असल्यामुळे ‘दुर्दैवानं’ हा शब्द मी इथंच मागे घेतो. डोंगर चालतात, नद्या कूस बदलतात, खडक म्हातारे होतात, जमीन झोपेत कण्हते, असली वाक्यं इतर लोक कवितेत वगैरे वापरत असतील. आमचे मामा (आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात) ती शेजारच्या घरची खबर सांगावी तशी सांगतात. “पाव्हणं, तिकडचा माळ औंदा लई खचून राहिला बरं का,” हे ते अशा काळजीनं म्हणतात की आपण चटकन विचारून बसतो, “दवाखान्यात दाखवला का?”

त्यांचं गाव कनेरगाव नाक्यापासून बरंच आत, पैनगंगेच्या काठावर आहे. नदीच्या अलीकडे हिंगोली जिल्हा, म्हणजे मराठवाडा. पलीकडे वाशीम, म्हणजे वऱ्हाड. मी हिंगोलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. मुलगी बघायला म्हणून पहिल्यांदा त्या घरी गेलो तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर मामा म्हणाले, “चला, जरा शेत दाखवतो.” मला वाटलं, एकांतात नोकरीची, व्यसनांची चौकशी करणार. त्यांनी मला काठावर नेलं, मुरमातून एक गोल गरगरीत धोंडा उपटला आणि अंगठ्यानं त्याचे पापुद्रे सोलायला सुरुवात केली. एकाखाली एक, कांद्यासारखे. शेवटी मुठीएवढा काळा टणक गाभा हातात उरला. “ऊन लागतं, पानी मुरतं, की ह्यो असा सुटून राहतो. ह्याला किती वर्सं लागली असतील?” मला घाम फुटला. मी म्हणालो, “लायब्ररीत बघून सांगतो.” मामांनी धोंडा खाली ठेवला आणि माझ्या पाठीवर हात फिरवला. “ठाऊक न्हाई त्ये न्हाई म्हनून सांगितलं, ह्ये बराबर केलं. आधीचं पोरगं आठ-पंधरा दिवस म्हनत व्हतं.” लग्न तिथंच ठरलं. या सगळ्यात मुलीला चहाचा ट्रे घेऊन दारात उभं राहावं लागलं आणि चहा गार झाला, याचा राग तिनं अजून सोडलेला नाही.

घर म्हणाल तर दगडांनी भरलेलं. खिडकीत दगड, देवळीत दगड, टीव्हीवर दगड, आणि प्रत्येकाची मामांना जन्मगावासकट ओळख. विहिरीतून निघालेली पांढऱ्या सुयांसारख्या स्फटिकांची एक गार त्यांची फार लाडकी होती. ती एकदा नाहीशी झाली. दोन दिवस मामांनी अन्न गोड मानलं नाही. गावात कुणी नेली असेल, याच्यावर त्याच्यावर संशय घेऊन झाला. तिसऱ्या दिवशी कैरीचं लोणचं वाढताना सासूबाईंनी बरणी उघडली, तर गार आत, फोडींवर दाब म्हणून बसलेली. “धुऊन ठेवली व्हती,” एवढंच त्या म्हणाल्या. मामांनी ती पुन्हा धुतली, उन्हात वाळवली, पण तिला आजही हिंगाचा वास येतो. जाणकार पाहुणा आला की मामा आधी ती त्याच्या हातात देतात आणि वासाबद्दल काही बोलायच्या आत दुसरीकडे बघतात.

पावसाळ्यात यात पेल्यांची भर पडते. प्रत्येक पुराचं पाणी ते एका काचेच्या पेल्यात भरून ओट्यावर ओळीनं मांडतात, मग तळाशी किती गाळ बसला ते बोटानं मोजतात. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात माझे वडील, म्हणजे या घरचे नवेकोरे व्याही, मुक्कामाला गेले होते. सकाळी ओट्यावर पेपर वाचता वाचता त्यांनी हात लांबवून एक पेला उचलला आणि दोन घोट घेतले. तक्रार करणं त्यांच्या स्वभावात नाही. घरी आल्यावर ते आईला हळूच म्हणाले, “माणसं चांगली आहेत, पण चहात साखर घालत नाहीत.” मामांना हे कळलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणानं. “आता त्या पुराची मोजणी गेली म्हना की,” म्हणाले.

वर्षातून एकदा ते हिंगोलीला माझ्या लायब्ररीत येतात, टोपी काढून टेबलावर ठेवतात आणि भूगोलाचं पुस्तक मागवतात. नदीचं काम तीन प्रकारचं, झीज, वहन आणि संचयन, असं एका पुस्तकात होतं, तिथपर्यंत त्यांनी मान डोलावली. पुढे ‘ही प्रक्रिया अतिशय मंद गतीने चालते’ हे वाक्य आलं आणि ते उभेच राहिले. “मंद? ह्या पुस्तकवाल्याला भादव्यात आमच्या काठावर उभं करा. चप्पल काढायला वेळ मिळनार न्हाई त्येला.” वाचनालयात शांतता राखण्याची पाटी त्यांच्या डोक्यावरच लावलेली होती. परत जाताना एसटीत त्यांनी कंडक्टरला सांगितलं की आपण आत्ता बसलोय तिथं कधीकाळी डोंगर होता, कढईतलं दूध उतू जाऊन सायीवर साय चढावी तशी धरती उतू गेली आणि थरावर थर बसले, मग वारा-पाण्यानं ते खरवडून नेले, आता जे दिसतंय ते खाली उरलेलं खरपुडं. कंडक्टरनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “काका, डोंगराचं तिकीट फुल काढू का हाफ?” मामांना तो फार आवडला. अजूनही त्याच गाडीनं जायचा त्यांचा आग्रह असतो.

आमच्या जिल्ह्यात जमीन अधूनमधून गुरगुरते. वसमत-औंढ्याकडे जास्त, पण एकदा मामांच्या गावापर्यंत धक्का आला. मांडणीवरची भांडी खडखडली आणि सगळं गाव मारुतीच्या पारासमोर गोळा झालं. आम्ही तेव्हा तिथंच होतो. मोजून पाहिलं तर सासूबाई, बायको, मी, दोन शेळ्या, सगळे बाहेर, मामा नाहीत. मी जीव मुठीत धरून आत गेलो. मामा माजघरात पालथे पडलेले, कान फरशीला लावलेला. मला वाटलं, संपलं. तर त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. “चूप. बोलून राहिली.” मी त्यांना ओढत बाहेर आणलं. सासूबाईंनी त्यांच्या कानाला लागलेली धूळ पदरानं पुसली आणि साऱ्या गावादेखत म्हणाल्या, “पन्नास वर्सं मी बोलून राहिले. माझ्यासाठी कधी असा कान लावला न्हाई.”

पण या सगळ्याच्या वर मामांचं खरं प्रकरण म्हणजे नदी, आणि नदीपल्याडचे रामधनकाका. पैनगंगा मामांच्या शेतापाशी मोठं वळण घेते. वळणाचा बाहेरचा काठ मामांचा, आतला रामधनकाकांचा. बाहेरच्या काठाला पाणी धडका मारतं आणि माती तोडतं. आतल्या काठाला ते दमतं आणि वाहून आणलेला गाळ टाकून देतं. त्यामुळे तीसेक वर्षं दर पावसाळ्यात मामांचं शेत थोडं थोडं कमी होत आलं आणि रामधनकाकांचं थोडं थोडं वाढत आलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी मामा बैलाचा कासरा घेऊन काठापासून विहिरीपर्यंतचं अंतर मोजत. विहीर एके काळी सहा कासरे लांब होती, मग पाच झाली, मग चार.

दुसरा कुणी असता तर रोज सकाळी उठून नदीला शिव्या घातल्या असत्या. मामांनी एका दिवाळीनंतर, पाणी उतरल्यावर, धोतर खोचून नदी पार केली, पलीकडच्या ताज्या मळईवर, म्हणजे नदीनं टाकलेल्या गाळाच्या जमिनीवर, उभे राहिले, मूठभर माती उचलून हुंगली आणि तिथं टरबुजाची आळी करणाऱ्या अनोळखी माणसाला म्हणाले, “ही माझी माती हाय.” रामधनकाका पलीकडच्या तांड्यातले. त्यांच्या आजा-पणजांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुख पालथा घातलेला; यांना कुठं ही काठावरची जमीन लाभलेली. ते जरा दचकले. मग म्हणाले, “असंल. म्या काही वढून न्हाई आनली. चालून आली.” मामांना हे उत्तर इतकं पटलं की ते तिथंच बसले. “चालून आली म्हंजी दिल्या घरी आली. आमची लेक दिली समजा. आजपासून तुमी आमचे इवाई.”

झालं. तेव्हापासून दोघं एकमेकांना इवाई, म्हणजे व्याही, म्हणायला लागले, आणि नुसतं म्हणायला नाही. दर दिवाळीनंतर मामा पुरणपोळ्यांचा डबा डोक्यावर घेऊन नदी ओलांडत. मळईवर फिरून, चार ठिकाणी माती चिमटीत घेऊन विचारत, “माझी लेक बरी हाय ना? तकलीफ न्हाई ना देत?” रामधनकाका म्हणत, “जरा वली राहते. बाकी गुणाची हाय.” मग पहिलं टरबूज व्याह्याचा मान म्हणून मामांना. एरवी दोघं आपापल्या काठावरून बोलत. वळणापाशी पात्र निरुंद होतं, पाणी संथ. या काठावर तंबाखू मळत म्हटलेलं त्या काठावर ऐकू जाई. माझ्या वडिलांना, जे कायद्यानं, धर्मानं आणि आहेर देऊन खरे व्याही झाले होते, त्यांना मात्र कधी टरबूज मिळालं नाही. ते एकदा म्हणाले, “त्यांच्या मातीपेक्षा आपली सून जास्त जड आहे, हे त्यांना सांग.” मी सांगितलं नाही. बायकोला तर मुळीच नाही.

विहीर दोन कासऱ्यांवर आली तेव्हा मात्र घरात वादळ झालं. ती विहीर मामांनी आणि सासूबाईंनी लग्नानंतरच्या तीन उन्हाळ्यांत स्वतः खणलेली. मामा खाली पहार चालवत, सासूबाई गाळाची टोपली डोक्यावर घेऊन वर येत. हिंगोलीला राहणारा माझा मेहुणा शहाणा माणूस आहे. त्यानं ट्रॅक्टरभर मोठे मोठे धोंडे आणि जेसीबी आणला. काठाला धोंड्यांचा बांध घालायचा, की नदीचं तोंड फिरलंच. मामा खाटेवरून उठले, शांतपणे चालत गेले आणि जेसीबीच्या लोखंडी पंज्यात जाऊन बसले. भाजी आणायच्या टोपलीत मांजर बसावं तसे. “इथं धोंडे टाकले की पानी पलीकडं धडका मारील. त्येची मळई जाईल. लेक दिली अन् मागून घर पाडू व्हय?” मेहुण्यानं डोक्याला हात लावला. सासूबाई जेसीबीसमोर येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “हिरीचा गाळ म्या डोक्यावर वाहिला. तुमच्या इवायानं न्हाई.” मामा खाली उतरले नाहीत, पण त्यांनी मान खाली घातली. जेसीबी परत गेला. पुढचे आठ दिवस सासूबाई फक्त शेळ्यांशी बोलल्या, आणि मामांना जे काही सांगायचं ते शेळ्यांमार्फत कळवत राहिल्या. मामांनी काठानं वाळा लावला, करंज लावले, बांबू लावला, आणि रोज संध्याकाळी ते विहिरीच्या कठड्यावर हात ठेवून उभे राहायला लागले. त्यांना भीती वाटत होती हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या भादव्यात खूप पाऊस झाला. सकाळी सासूबाईंचा फोन आला. “तुमच्या मामांला बघायला या. उजाडल्यापासून काठावर उबे हायत, हाक मारली तर ओ देऊन न्हाई राहिले.” आम्ही पोचलो तेव्हा अर्धं गाव तिथं होतं आणि पात्रात उतरून डबक्यांतले मासे पकडत होतं. नदी नव्हती. म्हणजे होती, पण तिकडे लांब. वळणाची मान इतकी बारीक झाली होती की पुरानं ती कापली आणि पैनगंगा सरळ वाटेनं निघून गेली. मागे उरलं ते चिखलाचं, साचल्या पाण्याचं रिकामं वळण. विहीर जागेवर होती. दोन कासऱ्यांवर, शाबूत. सासूबाईंनी गावाला गूळ वाटला, मामांच्याही हातावर ठेवला. मामांनी तो तसाच धरून ठेवला. “गेली की हो,” एवढंच म्हणाले. विहीर वाचल्याचा आनंद त्यांना झाला नव्हता असं नाही. पण एखाद्यानं तीस वर्षं रोज भांडायला यावं आणि एके दिवशी न सांगता बिऱ्हाड हलवावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

आणखी एक गोष्ट झाली होती, ती मेहुण्याच्या लक्षात आधी आली. नदी आता रामधनकाकांच्या शेताच्या पलीकडून वाहत होती. म्हणजे त्यांचा तांडा राहिला वऱ्हाडात आणि मळई आली मराठवाड्यात, मामांच्या शेताला चिकटून. मधे नुसता चिखल. “बाबा,” मेहुणा म्हणाला, “तुमचीच माती. तीस वर्सं साऱ्या गावाला सांगून राहिलात. आता दाराशी आली. धुऱ्याचा बांध टाका अन् वहिती करा, कोन इचारतं?” गावातल्या चारजणांनी मान डोलावली. कुणीतरी म्हणालं, “मामा, लेक माहेरी आली!” सगळे हसले. मामाही सवयीनं हसले. आणि हे हसणं त्याच संध्याकाळी तांड्यावर पोचलं.

चौथ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा रामधनकाका आले. नव्या धारेतून छातीभर पाण्यातून आले होते, अंगावरचे कपडे निथळत होते, हातात नारळ होता. आम्ही ओट्यावर बसलो होतो. मामा उठून म्हणाले, “या इवाई, या.” रामधनकाका वर आले नाहीत. खालीच उभे राहिले, नारळ पायरीवर ठेवला आणि म्हणाले, “मालक, माती तुमची हाय. म्या कधी न्हाई म्हनलं न्हाई. फकस्त ही रबी काढू द्या. दोन्ही पोरं पुन्याकडं हायत. इतक्या लवकर दुसरं काय बघू म्या?”

मालक. तीस वर्षांत हा शब्द त्या दोघांमध्ये कधी आला नव्हता. मामांचा चेहरा मी पाहिला. जेसीबी आला तेव्हा, भूकंप झाला तेव्हा, नदी गेली तेव्हासुद्धा तो तसा झाला नव्हता. “मालक कुनाला म्हनतो रे?” ते ओरडले. आवाज फाटला. “कुनाला म्हनतो मालक?” रामधनकाका आणखी घाबरले. सासूबाई बाहेर आल्या, त्यांनी रामधनकाकांच्या खांद्यावर कोरडं धोतर टाकलं आणि त्यांचा हात धरून त्यांना ओट्यावर बसवलं. मामा आत निघून गेले. आपण इतकी वर्षं गंमत करत होतो, आणि समोरचा माणूस हसता हसता प्रत्येक वेळी मनात थोडा भीत होता, हे त्यांना त्या एका शब्दानं कळलं होतं. मला वाटतं, आम्हालाही तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी मला आणि रामधनकाकांना गाडीत घातलं. पुलावरून लांबचा फेरा मारून आम्ही पलीकडच्या तलाठ्याकडे गेलो. तलाठी पोरसवदा, पण समजूतदार होता. त्यानं नकाशा पाहिला, सातबारा पाहिला. “जमीन यांच्याच नावावर आहे, काका. नदी कुठंही गेली तरी कागद हलत नाही. तुमचा जबाब कशाला पाहिजे?” न हलणारी एक गोष्ट जगात निघाली, याचं मामांना एरवी केवढं कौतुक वाटलं असतं. त्या दिवशी ते फक्त म्हणाले, “लिहून घ्या सायेब. माझ्या हातचं लिहून घ्या.” तलाठ्यानं कागद घेतला आणि सरकारी भाषेत लिहून वाचून दाखवलं, की सदर जमिनीशी अथवा तेथील मातीशी माझा कोणताही संबंध नाही. मामांनी पेन हातात घेतलं आणि थांबले. तलाठ्यानं माझ्याकडे पाहिलं. मग मामा म्हणाले, “संबंध न्हाई असं नका लिहू. हक्क न्हाई असं लिहा.” त्यानं खोडून तसं लिहिलं. मामांनी सही केली. रामधनकाका दाराच्या चौकटीला धरून उभे होते, त्यांनी पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं. परतीच्या वाटेवर नाक्याला चहा झाला.

ते आता पुन्हा एकमेकांना इवाई म्हणतात. रामधनकाका म्हणण्याआधी किंचित थांबतात, आणि मामा ते थांबणं ऐकू न आल्यासारखं करतात. लेकीची चौकशी मात्र मामांनी पुन्हा कधी केली नाही. बाकी ते आहेत तसेच आहेत. ओट्यावर पेले मांडतात, एसटीत डोंगर सांगतात, आणि सध्या त्या सोडून दिलेल्या वळणात दर वर्षी किती गाळ भरतो हे मोजायचं नवं काम त्यांना लागलं आहे. “माझी नात तिथं शेती करंल,” असं ते म्हणतात. नात, म्हणजे आमची मुलगी, सध्या दुसरीत आहे आणि तिला पायलट व्हायचं आहे.

गेल्या श्रावणात आम्ही गावी गेलो तर मामा घरी नव्हते. “इवायाच्या शेतात,” सासूबाई म्हणाल्या. “नदीला पानी हाय, त्येला यायला जमून न्हाई राहिलं. पुलावरून यायचं तर त्येचे गुडघे गेले. मंग ह्ये करतेत त्येची खुरपनी. सवताच्या शेतातलं गवत कमरेला लागलं.” पण रागावल्या नव्हत्या. मला जेवायला बोलावून आणायला पाठवताना म्हणाल्या, “मामांला म्हनावं भाकरी लवकर खा, मंग जा परत.” मी चिखलात टाकलेल्या दगडांवरून तोल सांभाळत सोयाबीनमध्ये गेलो. मामा पार तिकडच्या टोकाला, नव्या नदीच्या काठावर, खुरपं हातात घेऊन उभे होते. पैलतीरावर रामधनकाका दिसत होते, डोक्यावर पोत्याची खोळ. नवी नदी जुन्या वळणासारखी संथ नाही. ती सरळ उतारानं धावते, खडकांवर आपटते, आणि तिचा आवाज इतका असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. रामधनकाका हातवारे करून काहीतरी सांगत होते. कुठं तूर विरळ ठेवा, कुठं पाणी काढून द्या, असं काही असेल, किंवा पोरांचा फोन आला असेल. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं, आणि मामांशी तर हल्ली घरातसुद्धा मोठ्यानं बोलावं लागतं. तरी ते हाताचा द्रोण करून कानाशी धरून उभे होते आणि मधून मधून “व्हय, व्हय” म्हणत होते.

मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, “मामा, जेवायला चला. मामी वाट बघतायत.”

त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. “थांबा पाव्हणं,” म्हणाले. “त्याचं बोलनं होऊ द्या.”